समजूत घालणं आणि समजून घेणं

पहाटे पाचला आमच्या घरात दिवा लागतो. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, शर्टाची बटणं लावत उभे असतात. "पहिली पाळी आहे. डबा झाला का?" अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे पोस्टाची तिकिटं छापणाऱ्या सरकारी छापखान्यात होते. निवृत्त होऊन २२ वर्षं झाली. गेली तीन वर्षं स्मृतिभ्रंश आहे.

सुरुवातीला कितीतरी महिने मी त्यांना समजावत राहिले. "अण्णा, तुम्ही रिटायर झालात. हे बघा पेन्शनचं पासबुक." पासबुक बघून ते गप्प व्हायचे आणि दहा मिनिटांनी पुन्हा बटणं. कधी चेहरा पडायचा. "म्हणजे काढलं का मला कामावरून?" ही बातमी मी त्यांना रोज पहाटे नव्याने देत होते, हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला.

दिवसा अण्णांजवळ बसायला एक मावशी येतात. एकदा त्या लवकर आल्या, तर अण्णा दारात चपला शोधत होते. मावशींनी विचारलं, "आज कुठल्या मशीनवर, अण्णा?" अण्णा खुर्चीत बसले. अर्धा तास पोस्टाच्या तिकिटांबद्दल बोलत होते. शाई, कडेची भोकं, मोजणीत एक शीट कमी भरलं की कुणालाच घरी कसं जाऊ देत नसत. मग चहा प्यायले आणि पेपर घेऊन बसले. चपलांची आठवणही राहिली नाही. मावशी काही संत वगैरे नाहीत, न सांगता दांड्या मारतात. पण त्यांना त्या सकाळी जे जमलं ते मला दोन वर्षांत जमलं नव्हतं.

ते नक्की काय होतं, हे शोधायला मी नंतर वाचायला लागले. करुणा, स्वीकार हे शब्द व्यासपीठावरून आले की मला जांभई येते. पण त्यांच्या आत डोकावलं तर बरीच यंत्रणा आहे, आणि ती समजण्यासारखी आहे.

आधी आपल्या भाषेकडेच बघू. समजूत आपण घालतो, आणि समजून आपण घेतो. पहिल्यात माल माझ्याकडून तुमच्याकडे जातो, दुसऱ्यात तुमच्याकडून माझ्याकडे येतो. मी अण्णांना समजूत घालत होते, मावशींनी समजून घेतलं. मराठीत आणखीही बारीक भेद आहेत. कीव करणारा वर उभा असतो आणि खाली बघतो. दया करणाराही थोडा वरच असतो. कणव मात्र आतून येते, पोटात कालवते. अनुकंपा हा मूळचा सुंदर शब्द, दुसऱ्याच्या थरथरण्याबरोबर आपण थरथरणं, पण तो आता बहुतेक सरकारी नोकरीच्या अर्जावरच भेटतो. आणि करुणा? अभ्यासक तिच्यात साधारण चार-पाच गोष्टी धरतात: दुसऱ्याचं दुःख दिसणं, ते आपल्याला लागणं, ते समजणं, ते हलकं व्हावं असं वाटणं, आणि त्यासाठी हात हलवणं. यातलं फक्त लागणं आपल्याला करुणा वाटतं. इथूनच घोळ सुरू होतो.

मारुतीच्या कुठपर्यंत?

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते. रामकुंडाच्या परिसरात, गोदेच्या पात्रात, दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांत क्युसेकचे आकडे येतात. गावात मात्र प्रश्न एकच असतो: मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत म्हटलं की लोक बघायला निघतात. कमरेच्या वर म्हटलं की भांडी बाजारातले, सराफातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तर मारुती अख्खा पाण्याखाली होता.

दुःखातल्या माणसाला हाच प्रश्न विचारायचा असतो. पाणी तुझ्या कुठपर्यंत आलंय? आपण तो विचारत नाही. आपण सांगतो की एवढं पाणी यायलाच नको होतं, धरणवाल्यांचं चुकलं, शेजारच्या गावात तर याहून जास्त आहे, आणि उद्या ओसरेलच.

माझा एक मावसभाऊ निफाडकडे द्राक्षं करतो. एका वर्षी काढणी पंधरा दिवसांवर आली असताना वीस मिनिटं गारा पडल्या. दुसऱ्या दिवशीपासून माणसांची रीघ लागली. निदान विमा तरी होता. निदान झाडं तरी शाबूत आहेत. निदान पोरीचं लग्न तरी आधी उरकलं. सगळी चांगली माणसं, सगळी मनापासून आलेली, त्यांत मीही होते. एक शेजारी मात्र त्याच्याबरोबर बागेत गेला आणि ओळीओळीने फिरला. गार कुठल्या अंगाने आली, किती मोठी होती, कुठल्या घडाला मार जास्त, एवढंच विचारत राहिला. भाऊ नंतर म्हणाला, त्या आठवड्यात मला फक्त तो आल्याचं आठवतं.

निदान या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक डॉक्टर करतात ते, म्हणजे काय झालंय ते नीट बघून ओळखणं. दुसरा, 'निदान एवढं तरी'. पहिल्याची गरज असते तिथे आपण दुसरं देऊन मोकळे होतो. कारण उघड आहे. समोरच्याचं दुःख आपल्याला सोसत नाही. 'निदान' म्हणून आपण त्याचं कमी पण आपलं पाणी जास्त उतरवत असतो.

डोक्यात काय होतं

हे 'आपल्याला सोसत नाही' शब्दशः खरं आहे. २००४ मध्ये तान्या सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये १६ जोडप्यांवर एक प्रयोग केला. बाईला मेंदूची क्रिया टिपणाऱ्या यंत्रात ठेवलं, तिचा जोडीदार बाजूला बसला. कधी तिच्या हाताला विजेचा बारीक झटका द्यायचे, कधी त्याच्या. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, झटका आता कुणाला हे फक्त खुणेने कळायचं. तिला स्वतःला झटका बसला की वेदनेचं सगळं जाळं जागं व्हायचं. त्याला बसला की त्याच जाळ्याचा काही भाग तिच्याही मेंदूत जागा व्हायचा. दुखतंय कुठे आणि किती, हे टिपणारा भाग मात्र स्वस्थ राहायचा. म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्याची ठसठस आपल्यापर्यंत येत नाही, पण त्याचा जाच येतो. पोटात कालवतं म्हणतात ते उगाच नाही.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी काही वर्षांनी लोकांना दोन वेगवेगळी प्रशिक्षणं देऊन बघितली. आधी इतरांच्या दुःखाशी एकरूप होण्याचं, त्यांना काय होतंय ते आपल्यात जागवण्याचं. मग त्यांना यातनांत असलेल्या माणसांची चित्रफीत दाखवली. लोक खचले, त्यांना जास्त वाईट वाटायला लागलं. त्यानंतर त्याच लोकांना करुणेचं प्रशिक्षण दिलं, म्हणजे त्या माणसाचं भलं व्हावं अशी माया मनात जागवायची. चित्रफिती तशाच दुःखाच्या होत्या. पण आता त्यांना बरं वाटणाऱ्या भावनाही जाणवल्या, आणि मेंदूत वेगळंच जाळं जागं झालं, आपुलकी आणि समाधानाशी नातं असलेलं. दुःख दिसत होतं, ते नाकारलं जात नव्हतं, तरी बघणारा बुडत नव्हता.

म्हणून परिचारिका, डॉक्टर, घरात आजारी माणसाचं करणाऱ्या बायका थकतात त्याला 'करुणेचा थकवा' म्हणायची जी पद्धत पडली आहे, ती या दोघींना पटत नाही. त्यांच्या मते थकवा येतो तो नुसतं दुसऱ्याचं दुःख शोषत राहण्याचा. करुणा हा त्यावरचा उतारा असू शकतो.

पोहणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. बुडणारा माणूस जवळ येणाऱ्याला मिठी मारतो, आणि मग दोघंही जातात. म्हणून सराईत पोहणारा समोरून जात नाही, किंवा आधी दोर नाहीतर टायर फेकतो. त्याला बुडणाऱ्याबद्दल माया कमी असते, असं कुणी म्हणणार नाही.

आणि जुन्यांनाही हे ठाऊक होतं. बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार भावना वाढवायला सांगितल्या आहेत. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखावणं. पातंजल योगसूत्रांतही हीच चार नावं येतात. पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिणाऱ्या बुद्धघोषांनी प्रत्येकीचे दोन शत्रू सांगितले, एक दूरचा आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे खिन्नता, शोकात बुडणं. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून घरात शिरतो. उपेक्षेची गंमत तर आणखीच. मूळ अर्थ समतोल, पण तिचा जवळचा शत्रू आहे बेफिकिरी, आणि मराठीत त्या शत्रूने शब्दच बळकावला. आज आपण कुणाची उपेक्षा करतो म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडतो.

पांडवलेणी म्हणजे त्रिरश्मी लेणी आम्हा नाशिककरांना रविवारी सकाळी पायऱ्या चढून घाम काढायला माहीत असतात. भिंतींवरचे ब्राह्मी लेख कुणी वाचत नाही. त्यांतल्या एका लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करते: नगरातल्या लोकांच्या सुखदुःखाशी समरस होणारा, अपराधी शत्रूचाही जीव घ्यायची आवड नसलेला. त्याच लेखात त्याने शक, यवन, पल्हवांचा संहार केल्याचंही ती अभिमानाने नोंदवते. आई लिहायला बसली की असं व्हायचंच. मला जास्त भावतो तो दुसरा, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा लेख. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने गोवर्धन इथल्या कारागिरांच्या श्रेणींकडे, त्यांत तेलीही आले, पैसे कायमची ठेव म्हणून ठेवले. कशासाठी, तर त्रिरश्मी डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंपैकी जे आजारी पडतील त्यांच्या औषधासाठी. तिला किती वाईट वाटलं हे तिने लिहिलेलं नाही. औषधाचा खर्च कुठून होईल ते लिहिलं. एका बाईने आजाऱ्यांचा पुढच्या पिढ्यांपर्यंतचा विचार करून रक्कम गुंतवली, आणि करुणा म्हटलं की मला आता ही ठेव आठवते.

घाई

करुणेच्या आड येणारी सगळ्यात मोठी गोष्ट क्रूरपणा असेल असं मला वाटायचं. १९७३ चा एक प्रयोग वाचून मत बदललं. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतले ४० विद्यार्थी घेतले. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय तर रस्त्यात जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस दारात वाकून कण्हत, खोकत बसवला होता. काहींना सांगितलं होतं की उशीर झालाय, पळा, काहींना की वेळेवर आहात, काहींना की वेळ आहे. वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, मधल्यांपैकी ४५ टक्के, घाईतल्यांपैकी १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने फारसा फरक पडला नाही.

सकाळी साडेनऊला द्वारका चौकात उभं राहून बघा. सिग्नल सुटल्यावर पुढच्याची गाडी बंद पडली, तर त्याला काय काय ऐकावं लागतं ते. ही सगळी माणसं घरी गेल्यावर प्रेमळच असतात. माझा अण्णांवरचा आवाजही पहाटे पाचला चढायचा, दुपारी कधीच नाही. पाचला मला डबा, दूध, पाणी भरणं असं सगळं एकदम असायचं. म्हणून सगळ्यात पहिली गोष्ट केली ती अगदीच गद्य होती: पाणी भरायचं काम नवऱ्याकडे दिलं. माझ्या स्वभावात काडीचाही बदल झाला नाही, आवाज मात्र खाली आला.

स्वीकार म्हणजे मान्यता नव्हे

मानसशास्त्रात स्वीकाराबद्दल बोलायचं तर कार्ल रॉजर्स यांचं नाव घ्यावंच लागतं. १९०२ ते १९८७ या काळातले हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं की समोरच्यात बदल घडायचा असेल तर सल्ला देणाऱ्याकडे तीन गोष्टी लागतात: तो खोटा वागत नाही, समोरच्याला त्याच्या जागेवरून समजून घेतो, आणि त्याला बिनशर्त माणूस म्हणून मोजतो. बिनशर्त म्हणजे 'तू शहाण्यासारखा वागलास तर मी तुझा' असं नाही. त्यांनी लहानपणी तळघरात पाहिलेल्या बटाट्यांचं उदाहरण दिलं आहे. अंधारातही त्यांना फिकट कोंब फुटायचे आणि खिडकीतल्या उजेडाकडे वळायचे. आपण नाशिकचे, आपण कांदा घेऊ. चाळीत साठवलेला कांदा पाऊस लागल्यावर कोंब काढतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो माल खराब झाला. कांद्याच्या दृष्टीने तो आहे त्या जागेत जगायची खटपट करतो आहे. माणसाचं विचित्र वागणं बघताना दुसरी नजर ठेवायची, एवढाच मुद्दा.

लोक इथे अडतात. "म्हणजे त्याने काहीही करावं आणि मी हो म्हणावं?" नाही. कांदा विकायला काढताना कोंब आलेला बाजूलाच काढतात. स्वीकार माणसाचा आणि परिस्थितीचा असतो, प्रत्येक कृत्याचा नसतो. मुलगा नापास झाला हे स्वीकारणं म्हणजे अभ्यास न करणं मान्य करणं नव्हे. 'तो नापास झालाच कसा' यावर घरात चार दिवस चाललेलं भांडण थांबवून 'तो नापास झालाय, आता?' इथे येणं. पाणी कमरेपर्यंत आहे हे कबूल केल्याशिवाय माल कुठल्या फळीवर ठेवायचा हे ठरत नाही.

आता मीही अण्णांना मावशींसारखं "आज काय काम?" असं विचारते. हा खोटेपणा नाही का, असं माझ्या नणंदेने विचारलं. मलाही तो प्रश्न पडला होता. "चला, पाळीची वेळ झाली" असं मी म्हटलं तर ते खोटं. मी ते म्हणत नाही. त्यांच्या पहाटेच्या घाईत जे खरं आहे, कामाची ओढ, आपण कुणाला तरी हवे आहोत ही भावना, तेवढ्याच्या शेजारी मी बसते. तारीख-वार सोडून देते.

नवरा-बायकोत हे सगळ्यात अवघड. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन हे दोघं जोडप्यांवर उपचार करणारे. जेकबसन आधी एकमेकांत बदल घडवायला शिकवणाऱ्या पद्धतीचे मोठे अभ्यासक. 'तू हे कर, मग मी ते करते' असे जवळजवळ करारच. कित्येकांना फरक पडायचा, पण बऱ्याच जणांचा तो टिकायचा नाही. म्हणून १९९० च्या दशकात या दोघांनी पद्धतीत स्वीकाराला मोठी जागा दिली. काही फरक मिटणारच नाहीत असं धरून चालायचं, आणि कडक रागाच्या खाली कुठली मऊ गोष्ट आहे ते शोधायचं.

आमच्या घरातला न मिटणारा फरक म्हणजे पंचवटी एक्सप्रेस. मुलीकडे कल्याणला जायचं तर सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोडला ती गाडी. नवऱ्याला सहालाच फलाटावर उभं राहायचं असतं. मला गाडी दिसायला लागल्यावर जिना उतरण्यात कमीपणा वाटत नाही. यावर आम्ही २६ वर्षं भांडलो. तो मला बेजबाबदार म्हणायचा, मी त्याला भित्रा. एकदा गाडीतच, इगतपुरीला वडे खाताना, तो सहज बोलून गेला. नऊ वर्षांचा असताना आजी गेल्याचं कळलं, सिन्नरची एसटी दोन मिनिटांनी चुकली, पोहोचले तोवर सगळं उरकलेलं होतं. अण्णा त्या दिवशी वाटभर एक शब्द बोलले नव्हते. एवढंच सांगून त्याने दुसरा वडा घेतला.

मी त्यानंतर सहाला जायला लागले, असं लिहिता आलं असतं तर लेख छान दिसला असता. नाही गेले. पण 'भित्रा' हा शब्द तोंडातून पुन्हा निघाला नाही. आता तो आधी जातो, मी मागून. दोन रिक्षांचे पैसे पडतात.

पदरी पडलं ते पवित्र?

आता उलट बाजू, कारण स्वीकार या शब्दाचा गैरवापर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या झालाय. 'पदरी पडलं आणि पवित्र झालं' ही म्हण कुणाला ऐकवली जाते ते आठवा. मार खाणाऱ्या बाईला. मारणाऱ्याला कुणी म्हणत नाही की, बाबा रे, बायको आहे तशी स्वीकार. "त्याचा स्वभावच तसा आहे, सांभाळून घे" यात स्वीकार नाही आणि करुणाही नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांची सोय आहे. अशा घरातल्या बाईने पाणी कुठपर्यंत आलंय हे आधी स्वतःशी कबूल करायचं आणि मग बाहेर पडायचं किंवा मदत मागायची. महिलांसाठी १८१, तातडीचं असेल तर ११२, हे आकडे पाठ असावेत.

आणि आमच्याच गावात याहून मोठा धडा आहे. २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांकडे होती. हजारो माणसं आली, दारं बंद करून घेतली गेली. पुढे काही वर्षं लढा चालला, दारं उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला नाशिक जिल्ह्यातच, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. सत्याग्रहींनी दया मागितलेली नव्हती. दया दाखवायला वरची माणसं बहुतेक तयारही झाली असती, कारण दया दाखवताना पायरी सोडावी लागत नाही. त्यांनी मागितली होती बरोबरी. धीर धरा, परिस्थिती स्वीकारा, हे नेहमी पायरीच्या खालच्याला सांगितलं जातं. म्हणून कुणी स्वीकाराबद्दल गोड बोलायला लागलं की मी आधी बघते, सांगणारा कुठल्या पायरीवर उभा आहे.

एक रात्र राहिली सांगायची. अण्णा तीनदा उठले होते. चौथ्यांदा मी त्यांच्या हातातला शर्ट ओढून घेतला आणि ओरडले. बटण तुटून पलंगाखाली गेलं. अण्णा ताठ उभे राहिले, हात जोडून म्हणाले, "चुकलं, साहेब. मोजणी परत करतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. स्वतःला जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. क्रिस्टिन नेफ या संशोधिकेने २००३ पासून स्वतःविषयीच्या करुणेवर काम केलं आहे. त्यात त्या तीन धागे सांगतात: स्वतःशी मायेने बोलणं, असं चुकणारे आपण एकटेच नाही हे ओळखणं, आणि जे वाटतंय ते न दाबता, न फुगवता बघणं. मला तिसऱ्याचाच उपयोग झाला. पाणी माझ्याही गळ्यापर्यंत आलं होतं आणि मी गुडघ्यापर्यंतच आहे असं सगळ्यांना सांगत होते. सकाळी पुण्याला नणंदेला फोन केला. ती नेहमीसारखं म्हणाली, "किती करतेस गं तू." मी म्हटलं, "ताई, तसं म्हणू नका. दर तीन महिन्यांनी आठ दिवस या." ती गप्प झाली, मग तारखा विचारायला लागली. विष्णुदत्तेची ठेव होती तशी आमची ही, जरा लहान. ज्यांच्याकडे अशी नणंद नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा मोफत फोन आहे. फक्त रडायला केला तरी चालतो.

ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस थांबला नाही. टीव्हीवर विसर्गाचे आकडे चालू होते. रात्री अकराला अण्णा उठून बसले. त्यांचं लहानपण भांडी बाजारामागच्या वाड्यात गेलं, १९६९ चा महापूर त्यांनी तिथे पाहिलेला.

"मारुतीच्या कुठपर्यंत?"

आम्ही इंदिरानगरला चौथ्या मजल्यावर राहतो. मी टीव्हीकडे बघून खरं तेच सांगितलं, "कमरेला लागलंय, अण्णा."

"मग पिठाचे डबे वर घे. आईला सांग, गव्हाची कोठी भिजली की वर्ष गेलं."

मी स्टूल आणलं. नवरा झोपेतून उठून आला, काही न विचारता डबे हातात देत गेला. ज्वारीचा, तांदळाचा, आणि अण्णांनी बोटाने दाखवला म्हणून मेतकुटाचाही. तिन्ही माळ्यावर ठेवले. अण्णांनी मोजले, परत एकदा मोजले, आणि पांघरूण ओढून घेतलं.